राखाडी पट्टा

पहिला चार्जर घड्याळाला बसला नाही. दुकानदाराने तो बाजूला ठेवला, मागच्या खणातून दुसरा काढला आणि घड्याळ त्यावर टेकवलं.

"पार मेलंय," तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. घड्याळ गेलेल्या वडिलांचं आहे, साधं मॉडेल आहे, एवढं तिने आल्याआल्या सांगितलं होतं. "म्हणजे बॅटरी हो, ताई. जागं व्हायला दहा मिनिटं लागतील."

"चालेल."

साडेबारा झाले होते. भावाची गाडी दोनला येणार होती.

"याच्या बदल्यात वरचं मॉडेल हवंय," ती म्हणाली. "माणूस पडला की निरोप पाठवतं ते. वापरलेलं असेल तर बरं. थोडे ओरखडे असलेलं."

दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं. ओरखडे मागून घेणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं.

घड्याळांतलं तिला सगळं कळायचं. ती एका सर्वेक्षण कंपनीत होती. घड्याळात काय काय हवं आणि त्याचे किती मोजाल, हे ती तीन वर्षं लोकांना विचारत आली होती. लोकांना सगळं हवं असायचं. हृदयाचे ठोके, झोप, रक्तदाब, पडल्याचा निरोप. किमतीचा रकाना आला की तीच माणसं हळूहळू पावलं मोजण्यावर यायची. सत्तरीपुढचे तर नुसती वेळ बघतात, असं तिनेच अहवालात लिहिलं होतं.

म्हणून चार महिन्यांपूर्वी धाकट्या भावाने निम्मे पैसे पाठवून "बाबांना सगळ्यात चांगलं घे" म्हटलं, तेव्हा तिने साधं घेतलं. भावाला सांगितलं, वरचं घेतलं. उरलेल्या पैशांत बाबांचा चष्मा झाला आणि तिचे बूट. तेच आत्ता तिच्या पायात होते.

बाबांनी घड्याळ बांधून हात लांब धरला होता.

"तुझ्या त्या प्रश्नावलीत मला काय विचारशील?"

"यात अजून काय हवं होतं, असं विचारेन."

"काटे," बाबा म्हणाले.

दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी ते न्हाणीघरात पडले. ती तेव्हा ऑफिसात अहवाल मांडत होती. फोन समोर टेबलावरच होता. शेजारणीचा फोन आला तो एक वाजता. तासभर आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

भाऊ आला, सगळं उरकून परत गेला. काल त्याचा फोन आला तेव्हा तो रडत नव्हता. चिडला होता.

"एवढं महागाचं घड्याळ आणि ऐन वेळी गप्प? मी त्या कंपनीला सोडणार नाही. ताई, घड्याळ आहे ना तुझ्याकडे? उद्या घेऊन जातो."

"आहे," ती म्हणाली होती. दवाखान्यातून आणल्यापासून ते तिच्या कपाटात होतं. तिने त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं.

हातातला फोन थरथरला. घड्याळाच्या कंपनीचं नाव. खरेदीच्या अर्जावर तिने स्वतःचा नंबर दिला होता, तेव्हापासून हे रोजचं झालं होतं. सवलती, नवे पट्टे, जुनं द्या नवं घ्या. तिने न वाचताच ते अंगठ्याने बाजूला सारलं. नाव दिसलं की अंगठा आपोआप चालायचा.

दुकानदार घड्याळाचा पट्टा निरखत होता.

"ताई, हा राखाडी पट्टा तुम्ही बदललात?"

"बाबांनीच. काळा टोचतो म्हणाले."

"चष्मा दोरीला लावायचे का ते? आणि बोलताना जरा मिश्कील?"

तिने मान हलवली.

"मग आले होते ते माझ्याकडे. तुम्ही नेलंत त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी." तो आवाज खाली आणून बोलू लागला. "साधं परत केलं आणि वरचा फरक भरून, तुमच्याच अर्जावर हे घेऊन गेले. काळा पट्टा साध्याला येतो, राखाडी वरच्याला. म्हणाले, मुलाशी बोलताना कळलं, लेकीने त्याला वरचं घेतलंय असं सांगितलंय. आता लेकीचा शब्द खोटा कसा पडू द्यायचा? मी म्हटलं, काका, तिला एकदा विचारा तरी. तर म्हणाले, तिची मान खाली जाईल. ते मला बघवायचं नाही."

तिची नजर बुटांवर गेली. पाय कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

"म्हणजे हे..."

"वरचंच आहे. म्हणून तर पहिला चार्जर बसेना. मी आपलं तुम्ही म्हणालात म्हणून साध्याचा लावत होतो."

ती काउंटरला टेकली. आता काही बदलायला नको होतं. भाऊ येईल, घड्याळ घेईल, पट्टा पाहील. कुणाला काही कळणार नव्हतं. बाबांनी तिला झाकून ठेवलं होतं.

"मग भाऊ म्हणतो तेच खरं," ती म्हणाली. "घड्याळच बिघडलेलं होतं." आवाजात सुटल्यासारखं काहीतरी आलं. तिला त्याचीही लाज वाटली.

घड्याळाचा पडदा उजळला. दुकानदाराने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बोटाने एकेक ओळ वर सरकवत गेला.

"बिघडलेलं कुठंय, ताई? हे बघा ना. मंगळवार, अकरा दहा, पडल्याचा निरोप. अकरा चौदा, परत. अकरा वीस, परत. तिन्ही पोचलेत." त्याने पडदा तिच्याकडे वळवला. "अर्जावर नंबर कुणाचा दिला होता?"

तिच्या हातातला फोन पुन्हा थरथरला. कंपनीचं नाव उमटलं, आणि तिने पाहायच्या आतच तिचा अंगठा सरकला होता.