नालीवरची फरशी

सकाळपासून सत्यम अंगणात गाडी जॅकवर चढवून ब्रेक डिस्क आणि चाकाच्या मधे जाड चकत्या बसवत होता. म्हणे चाकं बाहेर आली की गाडी दांडगी दिसते! "कशी दिसून राहिली?" त्यानं बायकोला विचारलं. "काल होती तशीच," उज्वला करवादली. त्यानं दिमाखात गाडी रस्त्याकडं घेतली, तर बाहेर आलेल्या चाकाला नालीवरची फरशी पुरली नाही आणि ते नालीत गेलं. "पहार आण! फरशी आत्ताच सरकवतो," सत्यमनं फर्मावलं. उज्वलाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हीच डुगडुगती फरशी नीट बसवा म्हणून ती पावसाळाभर कानीकपाळी ओरडली. हा रोज "बघू" म्हणायचा. शेवटी तिथंच सासूबाई पडल्या. आता प्लास्टरचा हात सांभाळत पहार ओढत त्याच आल्या. "घे लेकरा," म्हणाल्या, "पुढच्या जन्मी मी तुझ्या गाडीचं चाक होऊन येते."