पाच मिनिटं पुढचं घड्याळ

शहराच्या वारसा जतन समितीवर दौलतराव कासारांची नेमणूक ठरली होती. ते जाऊन चार वर्षं झाली होती, पण महापालिकेनं त्यांचं मन वेळीच यंत्रात उतरवून घेतलं होतं. आता फक्त बायकोची, यमुनाबाईंची, सही हवी होती; त्यासाठी महापालिकेचा साहेब कागद आणि पडदा घेऊन घरी आला होता.

पडद्यावर ते दिसले आणि यमुनाबाईंच्या नाकात तेलाचा वास भरला. दर गुरुवारी टॉवरच्या घड्याळाला किल्ली देऊन ते तसल्याच तेलकट हातांनी जेवायला बसायचे. घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवायचे, गिरणीतल्या बायांचा खाडा पडू नये म्हणून.

"अहो, टॉवर पाडायचा म्हणतायत."

"साहेबांनी विचार करूनच ठरवलं असेल," दौलतराव गोड आवाजात म्हणाले.

"आणि घड्याळ?"

"अचूक वेळ दाखवणारं नवीन बसवावं."

यमुनाबाई साहेबाकडे वळल्या. "ह्यांच्यातलं काय काढलंत?"

"थोडा तापटपणा, आजी. सभेत शिव्या चालत नाहीत."

"अरे मुडद्या, तेवढाच तर माझा नवरा होता!" त्यांनी कागद टराटरा फाडला. "त्या खुर्चीवर माझं नाव लिही. शिव्या त्यांनीच शिकवल्यात मला. आणि सभेला मी पाच मिनिटं आधीच येऊन बसणार."