दोन सीटची गाडी

"हा रंग कोणी जुळवला?" शैलेशने बॉनेटवर तळहात ठेवत विचारलं.

"कोण जुळवणार? आमीच," बळवंत म्हणाला.

गाडीच्या पलीकडे त्याची मुलगी किंजल दरवाजा पुसत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा फिरू लागला. बळवंतने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

गाडी शैलेशच्या वडिलांची. दोनच सीटची, छप्पर मागे पाडता येणारी, जुन्या काळातली स्पोर्ट्स कार. वडील गेल्यापासून केळव्याच्या वाडीत झावळ्यांखाली पडून होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. बळवंतच्या बोईसरजवळच्या कुंभवलीतल्या पत्र्याच्या गॅरेजात ती आली, आणि पुढे सात महिने बापलेकीला रविवार असा राहिलाच नाही. गंज खरवडायचा, पुट्टी भरायची, पाणी मारून घासायचं. डोळे मीट आणि बोटं फिरव, बळवंतने तिला शिकवलं होतं, खड्डा बोटालाच कळतो.

डोळ्यांचं तो उगाच बोलला नव्हता. दोन वर्षांपासून त्याला रंग कळेनासे झाले होते. लाल, हिरवा, चॉकलेटी, सगळं मातकट. डॉक्टरांनी हात टेकले होते. हे घरात फक्त किंजलला ठाऊक होतं. त्याने एका टेम्पोच्या लाल दरवाजावर चॉकलेटी रंग मारला, तेव्हा मालक यायच्या आत तिनेच तो नीट केला आणि आईलाही कळू दिलं नाही.

या गाडीचा मूळ रंग दरवाजाच्या रबराखाली नखाएवढा उरला होता. त्यावरून किंजलने तो जुळवला. तेवीस वेळा फसला, चोविसाव्या वेळी जमला. त्या दिवशी ती गॅरेजभर नाचली होती, आणि बळवंतने तिला कबूल केलं होतं की गाडी निघाली की पहिल्या फेरीला तूच बसायचं.

"आणि ही?" शैलेशने विचारलं.

"पोरगी माझी. दहावीची परीक्षा झाली, सुट्टी हाय. पुसपास करते."

खोटं बोलणं बळवंतला कधी नीट जमायचं नाही. आज अगदी सहज जमलं. पेंटरला रंग दिसत नाही हे बोईसरमध्ये पसरलं, तर उद्या कोणी सायकलचं मडगार्डही त्याच्याकडे टाकणार नव्हतं. भीती खरीच होती. तरी 'पुसपास' तोंडातून गेलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

शैलेशने फोन काढला. "मिस्त्री, एवढासा रंग बाटलीत करून द्या. कुठे खरचटलं तर लागेल. कसा करता ते शूट करतो मी. आईला दाखवीन."

बळवंत फळीपाशी गेला. सहा डबे. वरच्या चिठ्ठ्या थिनरने कधीच पुसून गेलेल्या. सहाही झाकणं त्याला सारखीच. त्याने हात पुढे केला आणि हात तसाच राहिला. मागे शैलेश फोन धरून उभा होता.

"पप्पा," किंजल फडकं खांद्यावर टाकून जवळ आली. "पहिला हा घ्यायचा ना? तुमी सांगितलं तसा?" तिने एक डबा पुढे सरकवला.

"हां," बळवंत म्हणाला.

"आणि काळा तीनच थेंब. चौथा पडला की रंग मरतो. असंच ना?"

"असंच."

"मग हा पिवळा. काडीच्या टोकावर राहील तेवढाच. बरोबर ना, पप्पा?"

तो नुसती मान हलवत राहिला. शिकणारीच्या आवाजात ती एकेक उत्तर त्याच्या हातात देत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"छान तयार केलंत हो पोरीला," शैलेश म्हणाला. बळवंतला मान वर करवेना.

बाटली भरली. शैलेशने छप्पर मागे टाकून इंजिन सुरू केलं. "चला मिस्त्री, बसा. पहिला मान तुमचा."

बळवंत काही बोलायच्या आत किंजलने दरवाजा उघडून धरला. "बसा पप्पा. मी डबे आवरते." तिच्यासमोर उभं राहवेना, म्हणून तो बसला.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. कारखान्याची पाळी सुटून निघालेले कामगार चालता चालता थांबले. "अरे, कलर देख कलर!" एक जण ओरडला. शैलेशने त्याला हात केला. बळवंतने बाहेर बघणं सोडून दिलं.

सालवडच्या पुढे झाडं संपली आणि बॉनेटवर लख्ख ऊन पडलं. शैलेशने वेग कमी केला.

"बाबांच्या वेळी अगदी असाच होता," तो म्हणाला. "बघा ना मिस्त्री, उन्हात कसा दिसतोय!"

बळवंतने पाहिलं. सात महिने पाहत होता तेच. ओल्या मातीसारखं काहीतरी समोर पसरलेलं.

"भाऊ, गाडी फिरवा."

"का हो? काही राहिलं का?"

बळवंत मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होता.

"रंग जुळवणारी मागं राह्यली."