खुब्याची साक्ष

दवाखान्यातून परतताना प्रत्येक खड्ड्याला दारावरचे हँडल गच्च धरून आईने बजावले होते, "या खटाऱ्यातून पुन्हा येणार नाही!" ऑपरेशन करून मोडलेला खुबा जोडल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. गाडीची खडखड घालवायला लेकीने दिवसभर गाडीखाली लोळून पुढचा उजवा शॉकअब्सॉर्बर बदलला. खडखड तशीच राहिली. "डावीकडून येतंय गं," अंगणातल्या खुर्चीतून आई पुन्हा म्हणाली, "तुझे कान शिकलेले, माझा खुबा खोटं बोलत नाही." वैतागून लेकीने डावे चाक हलवले, ते पडायला आलेल्या दातासारखे डुगडुगले. आतला सांधा झिजला होता. नवा बसवून, "एकच फेरी," म्हणत तिने आईला गाडीत बसवले. गतिरोधकावर तिने आईच्या कण्हण्याची वाट पाहिली. शेजारून घोरणे ऐकू आले. हँडलवरचा हात मांडीवर विसावला होता. घर आले. लेकीच्या कंबरेचा काटा ढिला झाला होता, तरी तिने गाडी थांबवली नाही.