फूटभर लाट

शियामनं फोन खिशात टाकला आणि पाण्याकडं पाहिलं. प्रवाळाच्या कडेवरून लाट आत येत होती. अडीच फूट. कमी नाहीच.

फोन भाच्याचा आला होता. शियामची थोरली बहीण झुलैखा सकाळी गेली. आई लहानपणीच वारली, तेव्हापासून हिनंच त्याला वाढवलेलं. भाचा म्हणाला, "मामा, उतरत्या दुपारच्या असरच्या नमाजपर्यंत थांबतो. त्यापुढं दफन नाही थांबवता येत."

गाव बोटीनं नऊ तास. विमानानं चाळीस मिनिटं. मालदीवची राजधानी मालेहून येणारं, पाण्यावर उतरणारं दुपारचं विमान इथं टेकून पुढं गावाशेजारच्याच बेटावर जाणार होतं. त्यात एक जागा रिकामी होती.

अकरा वर्षं शियाम या तरंगत्या लाकडी धक्क्यावर होता. विमान यायच्या आधी रेडिओवर पाणी कसं आहे ते सांगायचं, मग दोर धरायचा. लाट फूटभर असली तर विमान उतरतं. दोन फुटांच्या वर गेली तर त्याचे तरंगते पाय मोडू शकतात. दिवसाला आठ-दहा विमानं. उन्हानं डोळे चुरचुरायचे, कंबर तर कधीच कामातून गेलेली. वैमानिक म्हणायचे, हवामान खातं एकीकडं आणि आमचा शियाम एकीकडं. हा म्हणायचा, मग खात्याचा पगार मला द्या की.

बहिणीचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्याच्या घरी मयत झाली त्याला त्या दिवशी रेडिओवर ठेवत नाहीत. दुसरा कुणी आला असता. त्यानं खरं सांगितलं असतं.

रेडिओ खरखरला. दुपारच्या विमानाच्या कॅप्टन वजीहनं पाणी विचारलं.

"फूटभर," शियाम म्हणाला. "ये."

मग वजीहनं पुन्हा विचारलं. शियामनं पुन्हा तेच सांगितलं. आवाज सरळ ठेवला. पायाखाली धक्का गदागदा हलत होता.

विमान दिसलं. खाली आलं. इतकं खाली, की खिडकीला नाक लावून बसलेली एक पोरगी त्याला दिसली. त्यानं रेडिओ तोंडाशी नेला. अंगठा बटणावर गेला आणि न दाबता तिथंच राहिला.

इंजिन गरजलं. विमान पाण्याला न शिवता त्याच्या डोक्यावरून निघून गेलं आणि वर घिरटी घालायला लागलं.

शियामनं रेडिओ खाली केला. आता शिव्या येणार. नोकरी गेली. त्याला कशाचंच काही वाटेना.

"शियाम," रेडिओवर वजीहचा आवाज आला, अगदी हळू. "अकरा वर्षांत तू पहिल्यांदा मला खोटं पाणी सांगितलंस. घरी कोण गेलं रे?"