मागे घेतलेला सवाल

कागदावर अंगठा उठवला, तेव्हा कुठे गोपिकाबाईच्या जिवात जीव आला.

"झालं ना दाजी? आता न्हाई ना पुकारणार त्यांचं नाव?"

"न्हाई पुकारणार," भुजंगराव म्हणाले. "पण या कानाचं त्या कानाला कळू देऊ नका."

भुजंगराव अंबडच्या तहसील कचेरीत पेशकार, साहेबापुढे कागद ठेवणारे. त्यांची बायको सगुणाबाई गोपिकाबाईच्या माहेरच्या गावची, म्हणून तर तिला मागच्या दाराने आत येता आलं. हैदराबादहून वजीरसाहेब येणार होते. रयतेचे सवाल ते स्वतःच्या कानांनी ऐकणार, अशी दवंडी चार दिवस पिटली जात होती. पण निजामाच्या राज्यात तोंड उघडायचं तरी आधी कागद लागे. सवाल लिहून कचेरीत द्यायचा, कचेरी तो वाचणार, आणि मग ज्याचं नाव पुकारलं जाईल त्यानेच उभं राहायचं.

तिच्या नवऱ्याने, राधाकिसनने, दिलेला सवाल साधा नव्हता. लेव्हीची ज्वारी म्हणून शेतकऱ्यांच्या घरातून काढून नेलेल्या गाड्या सरकारी गोदामात न जाता कुणाच्या दारात रिकाम्या झाल्या, असं त्याने विचारलं होतं. ही गोष्ट गोदामातल्याच माणसाने सांगितलेली, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तो माणूस म्हणजे गोदामातला मापारी पुंजाराम, गोपिकाबाईचा पाठचा भाऊ. हे घरातल्या दोघांना आणि पुंजारामला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

राधाकिसन रयतेच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या परिषदेत होता. तिने त्याला समजावून पाहिलं होतं. "परिषदेत एवढाले पुढारी हायेत, मंग तुमीच का?"

"काकासाहेबांना म्या हेच इचारलं. त्यांचा सवाल येगळाय म्हणले." राधाकिसन हसला होता. "अगं, म्या काय चोरी करून राह्यलो का? इचारूनच तर राह्यलो."

जाफराबादकडच्या एकाने मागच्या साली असंच नुसतं विचारलं होतं. तो अजून घरी आला नव्हता. नवऱ्याने सवाल दिल्यापासून दारात जोडा वाजला की गोपिकाबाई धावत उंबऱ्याशी यायची. शेवटी तिने पेशकारांचं घर गाठलं. नुसता कागद फाडून चालणार नाही, साहेब मला विचारतील, सवाल मागे घेतल्याचा अर्ज हवा, असं भुजंगराव म्हणाले. त्यांनीच तो लिहिला. कुणाच्या नावाने लिहिला, हे विचारायचंही तिला सुचलं नाही.

सभेच्या दिवशी दुपारीच कचेरीचं आवार भरलं. गोपिकाबाई बायकांच्या घोळक्यात लिंबाखाली उभी राहिली. राधाकिसन पुढून तिसऱ्या रांगेत होता, धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका, लग्नाला निघाल्यासारखा.

वजीरसाहेब बोलायला भलतेच गोड निघाले. काकासाहेबांनी सभेला परवानगी का मिळत नाही असं विचारलं, तर त्यांनी मान डोलावून टिपून घ्यायला लावलं. परिषदेतल्याच मच्छिंद्रने शाळेत मराठी का नाही असं विचारलं, तर "बहोत खूब" म्हणाले. सात नावं पुकारली, सात जण उभे राहिले, सातही जण बोलून खाली बसले. कुणाला कुणी बोटही लावलं नाही. लोकांची भीड चेपली. मागून टाळ्याही पडल्या.

आठवं नाव आलंच नाही.

राधाकिसन उभा राहिला. "साहेब, माझं नाव राह्यलं."

गोपिकाबाईने तोंडात पदर कोंबला.

भुजंगरावांनी मान वर केली नाही. "तुमचा सवाल मागं घेतलाय."

"म्या? म्या कुठं घेतला?"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. "ऐन वखताला पातळ झाला!" राधाकिसन इकडेतिकडे बघत खाली बसला. त्याची मान मग वर झालीच नाही. ते बघून गोपिकाबाईला रडू कोसळलं. उगीच भ्याले, तिला वाटलं, चारचौघांत माझ्या माणसाची इज्जत घालवली. पण माणूस तरी घरी येईल, असं म्हणून तिने डोळे पुसले.

राधाकिसन घरी आला. ओसरीवर बसला आणि म्हणाला, "असं कोन करील गं? माझ्यासंगं कुनाचं वैर हाये?"

सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं, तोच दारात जोडे वाजले.

पोलिसांचा अमीन होता. मागे दोन जवान. उन्हं अजून भिंतीवर होती, शेजारपाजारचे बघत होते. गोपिकाबाईने अमीनापुढे पदर पसरला. "साहेब, त्यांनी काई इचारलं न्हाई हो! सगळ्या गावानं बघितलं, त्यांनी तोंड उघडलं न्हाई!"

"आमाले मालूम आहे," अमीन म्हणाला.

राधाकिसन शांतपणे उठला. जन्मभर याच घडीची वाट बघत असल्यासारखा त्याने पटका नीट केला आणि जोडा पायात सरकवला. "चला."

"तुम्ही बसा." अमीनाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "तुमच्यासारखे लोक मार खातात, पण गोदामातली बातमी कुणी फोडली त्याचं नाव सांगत न्हाईत. आज सात जण बोलले, सातांनाही हात लावायचा न्हाई, वजीरसाहेबांचा हुकूम आहे. बोलणारे काय कामाचे? साहेबांना पाहिजे होतं, कोण भितो ते."

मग तो गोपिकाबाईकडे वळला आणि अगदी अदबीने म्हणाला, "चला, बाई. सवाल तुम्ही मागं घेतला."