बाटलीतलं पाणी

मंचासमोर खाली ठेवलेल्या मोठ्या स्पीकरवर कोणीतरी अर्धी भरलेली पाण्याची बाटली ठेवली होती. पैलवानाने ड्रमच्या पायपट्टीवर पाय मारला की पाण्यावर वर्तुळं उठत आणि काठाला जाऊन विरत. दादाने गिटार छेडली की वर्तुळं बारीक होत, पण उठत. तिने आपल्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार वाजवली. पाणी हललं नाही.

तिने पुन्हा वाजवली, जोरात. पाठीमागच्या तिच्या अँपमधून, म्हणजे मंचावरच्या तिच्या स्वतःच्या स्पीकरमधून, आवाज घुमला आणि मणक्यात शिरला. पाणी आरशासारखं स्थिर.

"पुन्हा तेच," दादा म्हणाला. "अगं, आपण हेवी मेटल वाजवतो, अंगाई नाही. परवा एकाने विचारलं मला, तुमची बहीण नुसतीच उभी असते का?"

"उभी तरी असते," ड्रममागून पैलवान म्हणाला. फुंकर मारली तर उडेल अशा अंगकाठीमुळे त्याला सगळे पैलवान म्हणत. "तू उड्या मारतोस आणि तारा चुकवतोस."

दादाने तिकडे पाहिलंही नाही. "टोन चुकतोय तुझा. अँपवरचा गेन वाढव. नाहीतर पायाखालचं पेडल बदल."

पेडल बदलून झालं होतं. वर्षभर ती एका वेळी एकच गोष्ट बदलत आली होती, म्हणजे फरक कशाने पडला ते कळावं. आधी तारा जाड केल्या. मग बोटं सोडून तारा छेडायचं प्लास्टिकचं पिक धरलं. मग आवाजाचा वरचा भाग खरवडणारं आणि खालचा भाग शाबूत ठेवणारं पेडल आणलं. एकटीने घरी वाजवताना गोड लागतं म्हणून कमी ठेवलेले मिड्स, म्हणजे आवाजाचा मधला भाग, वाढवले, कारण गिटारच्या गदारोळात गोड आवाज आधी मरतो. शेवटी अँप घेतला. त्यासाठी स्कूटर विकली आणि ती बसने कामाला जाऊ लागली. प्रत्येक वेळी दादा मान तिरकी करून ऐकायचा आणि म्हणायचा, "अजून नाही."

पैलवान मात्र दर तालमीनंतर केबल गुंडाळता गुंडाळता तेच विचारायचा. "आपण दोघंच बँड काढू या का? ड्रम आणि बेस. गिटारच नको." ती म्हणायची, "बघू." पहिला सूर दादाने शिकवला होता. आई शेजारीपाजारी सांगायची, भाऊ बरोबर असतो म्हणून घोर नाही.

तिने पुन्हा बाटलीकडे पाहिलं. सगळं बदलून पाहिलं होतं. मंचाखाली उतरून मात्र कधी पाहिलं नव्हतं. तिने बेस गळ्यातून काढून टेकवला आणि हॉलच्या टोकाला मिक्सरपाशी गेली, जिथून सगळ्या वाद्यांचा आवाज खालच्या मोठ्या स्पीकरमध्ये जायचा. मिक्सर बँडचाच होता, साउंडवाला आज नवा.

"काही हवंय का, ताई?"

"माझा आवाज यातला कुठला?"

त्याने बोट दाखवलं. तिच्या आवाजाचं सरकतं बटण खाचेच्या तळाशी होतं आणि त्यावर आडवी हिरवी चिकटपट्टी मारलेली होती. तसली हिरवी पट्टी दादा स्वतःच्या केबलींना गुंडाळायचा, कोणी उचलून नेऊ नये म्हणून.

"हे हलवायचं नाही, असं दादा म्हणालेत," साउंडवाला म्हणाला. "आधीचा माणूसही तेच सांगून गेला. मला वाटलं, बिघडलेलं असेल."

पट्टीच्या कडा काळ्या पडल्या होत्या. तिने नखाने खरवडून ती काढली. खाली गोंदाची जुनी, चिकट रेघ राहिली. तिने बटण वर सरकवलं.

"पैलवान, माझा बेस घे. जाड तार मार."

पैलवानाने बेस गळ्यात अडकवला आणि तार मारली.

पाणी उसळलं. लोखंडी शटर वरून खाली ओढावं तसा आवाज हॉलभर पसरला, तळाशी जड आणि वर खरखरीत. नेमका तिला हवा होता तसा. लोक जिथे उभे राहतात तिथून तो ती पहिल्यांदाच ऐकत होती. पैलवान मारत राहिला. बाटली सरकत सरकत कडेला आली आणि खाली पडली.

दादा मंचाच्या टोकाशी आला होता. "हे बघ, तुला वाटतंय तसं नाही."

"मग कसं आहे?"

"तुझा बेस आला की माझी गिटार बारीक वाटते. शेवटी लोक गिटार ऐकायला येतात. मी बँडचाच विचार केला."

"मला पेडल बदल म्हणालास."

"तुलाच हौस ना त्याची. शोधत बसायची."

"स्कूटर विकली मी, दादा."

"मी विक म्हणालो होतो का?" तो हसला. रुसलेल्या लहान मुलीला समजावताना हसायचा, तसाच. "बरं, आजपासून अर्धा ठेवू. झालं समाधान? चल, ये वर. आणि घरी आईच्या कानावर घालू नकोस हे."

तिच्या बोटांमध्ये हिरव्या पट्टीची गोळी होत होती, वाटाण्याएवढी, घट्ट. साउंडवाल्याने खाली मान घालून उगाचच एक केबल तपासायला घेतली.

तिने दादाच्या खांद्यावरून मागे पाहिलं. पैलवान तिचा बेस गळ्यात घालून तसाच उभा होता, तारांवर तळवा ठेवून.

"पैलवान, तू विचारत होतास ना." तिने आवाज चढवला नाही. हॉल रिकामा होता, शब्द मागच्या भिंतीपर्यंत गेले. "हो. आपण दोघंच. गिटार नको."